घरांतील उंदीर व त्यांचा बंदोबस्त

शेतकऱ्यावर येणाऱ्या संकटांची गणना करतांना आपल्या पूर्वजांनीं सहा ‘ईति’ सांगितल्या आहेत. अतिवृष्टि, अनावृष्टि, टोळधाड, पोपटांचे थवे आणि परचक्र यांच्या जोडीला त्यांनीं उंदरांसही बसविलें आहे. एवढासा प्राणी परचक्राच्या पंक्तीस कां बसविला, असा प्रश्न शहरांतील मनुष्यास कदाचित् पडेल. शेतकऱ्यास तो पडणार नाहीं. परचक्र येतें आणि जातें. टोळधाड क्वचित् येते. उंदीर मात्र बारा महिने आपल्याच छपराखालीं राहतो आणि आपण झोंपीं गेलों म्हणजे आपल्या कणगीस हात घालतो. शेतांतील उंदरांचा विषय स्वतंत्र आहे. प्रस्तुत लेखांत राहतें घर, गोठा आणि धान्याची कोठी एवढ्यांपुरताच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतों. उंदीर मारणें आणि उंदीर घालविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुतेक घरीं पहिली होते, दुसरी होत नाहीं. एखाद्या रात्रीं नवें लुगडें कुरतडलें जातें किंवा बियाण्याची थैली फुटलेली सांपडते. मग बाजारांतून विषाची पुडी येते, चार-सहा उंदीर मरतात, घरांत आठ दिवस दुर्गंधि सुटते आणि दोन महिन्यांनीं माळ्यावर पुन्हां तीच धावपळ ऐकूं येते. याचें कारण उंदराची हुशारी नव्हे, आपल्या घराची मांडणी होय. ज्या घरांत खाण्यास उघडें धान्य, पिण्यास पाणी आणि लपण्यास अडगळ आहे, तें घर उंदरांवांचून फार दिवस रिकामें राहत नाहीं. असलेले मेले तर शेजारचे येतात. म्हणून आधीं घर बंद करावें, मग उंदीर मारावे. आणि हें काम एकट्या घरानें न करितां साऱ्या आळीनें एकाच आठवड्यांत करावें, एवढेंच या लेखाचें सार आहे. पुढील मजकूर त्याचाच विस्तार समजावा.

उंदीर किती खातो

मोठा उंदीर दिवसास सुमारें २५ ग्रॅम धान्य खातो. हें एक मूठभरही होत नाहीं, म्हणून आपण तें मनावर घेत नाहीं. पण हिशेब करून पाहावा. घर, गोठा व माळा मिळून दहाच उंदीर धरले, तर दिवसाचे २५० ग्रॅम, महिन्याचे साडेसात किलो आणि वर्षाचे सुमारें ९१ किलो होतात. म्हणजे जवळजवळ एक क्विंटल जोंधळा. ज्याच्या घरांत दहा उंदीर आहेत, त्यानें आपल्या पंक्तीस एक माणूस जास्त जेवतो असें समजावें. आणि हा माणूस नांगराला कधीं हात लावीत नाहीं.

जेवढें तो खातो, त्याहून अधिक नासतो. धान्यांतच तो मुततो, लेंड्या टाकतो, केंस गाळतो. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठीं त्याला सदैव कांहीं तरी कुरतडावें लागतें. त्यामुळें भूक नसली तरी तो गोणपाट फाडतो, दाराची चौकट पोखरतो, ठिबकच्या नळ्या तोडतो आणि विजेच्या तारांवरील वेष्टण कुरतडतो. पंपाचा स्टार्टर अकस्मात् बंद पडणें, ट्रॅक्टरच्या तारा तुटणें, माळ्यावरील उघड्या तारेनें कडब्यास आग लागणें, ह्यांच्या मुळाशीं पुष्कळदां उंदीरच असतो.

त्याची वाढही ध्यानांत घ्यावी. उंदराची मादी २१-२२ दिवसांत विते, एका वेळीं पांच ते आठ पिलें देते, आणि तीं पिलें तीन महिन्यांच्या आंतबाहेर स्वतः विण्याजोगीं होतात. वीस उंदरांपैकीं दहा मारले आणि धान्य तसेंच उघडें ठेवलें, तर उरलेल्या दहांच्या वांट्यास दुप्पट अन्न व दुप्पट जागा येते. अशा सुबत्तेंत त्यांची संख्या थोड्याच महिन्यांत पूर्ववत् होते. नुसत्या मारण्यानें काम कां होत नाहीं, हें यावरून स्पष्ट होईल.

शत्रूची ओळख

आपल्या घरांत तीन जातींचे उंदीर आढळतात आणि प्रत्येकाची वाट निराळी असते. पहिला काळसर घरउंदीर. याची शेपटी अंगाहून लांब असते. हा उत्तम चढतो. आढें, वासे, माळा आणि कौलांखालची जागा हें याचें राज्य. दुसरी घूस. ही जड अंगाची व आखूड शेपटीची असून जमिनींतून येते; जोतें, मोरी, गोठ्याची गव्हाण व भिंतीचा पाया पोखरते आणि उकरलेल्या मातीचा ढीग बाहेर टाकते. तिसरी पिटुकली उंदरी. ही सुमारें सहा मिलिमीटर रुंदीच्या फटींतून, म्हणजे शिसपेन्सिल जेमतेम जाईल एवढ्या जागेंतून, आंत शिरते. ही दिवसास तीन-चार ग्रॅमच खाते. पण तिला पाणी मिळालें नाहीं तरी कोरड्या धान्यावर ती तग धरते आणि कपड्यांच्या बोचक्यांत देखील वितें घर करते.

चिचुंद्री ही मात्र उंदरांच्या जातींतील नव्हे. लांब नाक व उग्र वास ही तिची खूण. ती झुरळें व किडे खाते. तिच्यासाठीं विष घालूं नये.

आपल्या घरीं कोणती जात आहे व ती कोठून येते, हें समजण्यास खर्च लागत नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं भिंतींच्या कडेनें, उंबऱ्यापाशीं व कोठीभोंवतीं चाळलेली राख पातळ भुरभुरावी. सकाळीं पावलांवरून वाट कळते. उंदीर दृष्टीनें मंद असतो. तो मिशांनीं भिंत चांचपीत एकाच मार्गानें ये-जा करतो, आणि त्याच्या अंगाच्या घाणीनें त्या मार्गावर काळसर तेलकट पट्टा उमटतो. बिळांची परीक्षा याहून सोपी आहे. संध्याकाळीं सर्व बिळें चिखलानें बुजवावीं. सकाळीं जीं उकरलेलीं दिसतील तींच नांदतीं बिळें समजावीं. हीं मोजून एका वहींत टिपून ठेवावीं. बंदोबस्त यशस्वी झाला कीं नाहीं, हें पुढें याच आंकड्यावरून ठरेल.

रोगाचें मूळ

धान्याचा नाश एक वेळ सोसतां येईल. परंतु उंदराबरोबर जें येतें तें सोसण्याजोगें नाहीं. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. मांडवी हा बंदरास लागून असलेला, धान्याच्या वखारींचा भाग. वखारींत उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा आणि शेजारींच दाट वस्ती, अशी तेथील स्थिति होती. पुढच्या वर्षीं रोग पुण्यास भडकला. रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले यांस त्यानें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या काळीं घरें धुतलीं गेलीं, झडत्या झाल्या, माणसें छावण्यांत नेलीं गेलीं. परंतु रोग पसरतो कशानें हेंच नीट ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनीं कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवांच्या मार्फत जातो. खेड्यांतील लोकांनीं अनुभवानें एवढें मात्र आधींच जाणलें होतें कीं, घरांत उंदीर पडूं लागले म्हणजे घर सोडून रानांत झोपडी घालावी.

हा सर्व जुना इतिहास झाला असें कोणी म्हणेल. पण १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व त्यानंतर सुरत शहरीं प्लेगचें भय पुन्हां उभें राहिलें. १९९३ च्या भूकंपानंतर त्या भागांतील लोकांनीं घरें सोडलीं, धान्य घरांतच राहिलें आणि त्यावर उंदीर माजले, असें मामल्याच्या प्रकाराचें कारण त्या वेळीं सांगण्यांत आलें. बंद घर आणि उघडें धान्य यांची जोडी काय करूं शकते, तें यावरून दिसतें.

यांतून एक नियम प्रत्येक घरानें पाठ करावा. विष न घालतां घरांत उंदीर मरून पडूं लागले, तर त्यांस हात लावूं नये आणि ताबडतोब आरोग्य केंद्रास कळवावें. अशा वेळीं आधीं पिसवा माराव्या लागतात व मग उंदीर. कारण उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा थंड झालेला देह सोडून माणसाकडे वळतात.

आज आपल्या शेतकऱ्यांस अधिक जवळचा रोग लेप्टोस्पायरोसिस हा होय. याचे जंतु उंदराच्या मुतावाटे पाण्यांत व चिखलांत मिसळतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेंतून शरीरांत शिरतात. कोंकणांत भातलावणीच्या दिवसांत हा दरवर्षीं डोकें वर काढतो. मुंबईंत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याची साथ आली होती. पावसाळ्यांत ताप, डोळ्यांस लाली आणि पोटऱ्यांत असह्य वेदना अशीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांकडे जावें. वेळीं औषध मिळालें तर रोगी बरा होतो. ताप अंगावर काढल्यास मूत्रपिंडें व यकृत बिघडून प्राणावर बेततें. घरांत उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या केरसुणीनें झाडूं नयेत. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें भिजवून मग पुसून काढाव्या.

तिसरें संकट सापाचें. नाग व घोणस घरांत येतात ते माणसासाठीं नव्हे, उंदरासाठीं. ज्या घरांतून उंदीर गेला, त्या घराकडे सापाचेंही येणें कमी होतें.

पहिला उपाय : अन्न तोडावें

आतां उपायांकडे वळूं. सर्व उपायांत श्रेष्ठ उपाय धान्य बंद करणें हा होय. बांबूची कणगी शेणमातीनें कितीही जाड लिंपली तरी उंदीर ती एका रात्रींत फोडतो. भिंतींतील बळदास तळाशीं घूस पोखरते. गोणपाटाचें किंवा प्लास्टिकचें पोतें तर त्याला अडवूं शकतच नाहीं. घरच्या खाण्यासाठीं व बियाण्यासाठीं पत्र्याची कोठी हीच खरी. हापूर येथील धान्यसांठवण संस्थेनें तयार केलेल्या नमुन्याची ‘हापूर कोठी’ प्रसिद्ध आहे. परंतु गांवच्या लोहारानें जाड गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, घट्ट झांकणाची केलेली कोठीही तेंच काम करते. मात्र पत्र्याच्या कोठींत धान्य भरण्यापूर्वीं तें चांगलें वाळलेलें असलें पाहिजे. दांताखालीं दाणा कटकन् फुटला पाहिजे. चेपला तर आणखी दोन उन्हें द्यावीं. ओलें धान्य कोठींत कोंडलें तर उंदीर टळेल, पण बुरशी टळणार नाहीं.

ज्यांचें धान्य पोत्यांतच ठेवावें लागतें, त्यांनीं पोतीं जमिनीवर किंवा भिंतीस टेकवून रचूं नयेत. लांकडी घडवंचीवर थप्पी लावावी आणि भिंतीपासून दीड-दोन फूट वाट मोकळी सोडावी, म्हणजे माणसास फिरून पाहतां येतें व उंदरास आडोसा मिळत नाहीं. घडवंचीच्या प्रत्येक पायास पत्र्याचें उलटें नरसाळें बसविलें तर उंदीर वर चढूं शकत नाहीं. कोंकणांत माडाच्या बुंध्यास गुळगुळीत पत्र्याची रुंद पट्टी ठोकून नारळ राखतात, त्यांतील तत्त्व हेंच होय.

धान्याइतकेंच लक्ष उरलेल्या अन्नाकडे द्यावें. रात्रीं खरकटीं भांडीं तशींच मोरींत राहूं नयेत. गोठ्यांतील पेंड व आंबोण उघड्या घमेल्यांत रात्रभर ठेवूं नये. कोंबड्यांचें खाद्य झांकणाच्या डब्यांत असावें. देवापुढील नैवेद्य, समईच्या वाती व तेल हींही उंदरास प्रिय असतात. पाण्याच्या घागरी झांकाव्या, गळका नळ दुरुस्त करावा. घरउंदीर व घूस यांस रोज पाणी लागतें. तें तुटलें कीं घराची गोडी निम्मी होते.

दुसरा उपाय : वाटा बुजवाव्या

घराभोंवतीं एकदां सावकाश फिरावें आणि जोत्यापासून कौलांपर्यंत प्रत्येक भोंक पाहावें. जमिनींतील व जोत्यांतील बिळें नुसत्या मातीनें बुजवूं नयेत. कांचेचे तुकडे व खडी कोंबून वर सिमेंटचा गिलावा करावा. मोरीच्या तोंडाशीं लोखंडी जाळी बसवावी. जाळीचीं छिद्रें सहा मिलिमीटरांहून मोठीं असूं नयेत. दाराखालची फट हा सर्वांत मोठा राजमार्ग. दाराच्या तळाशीं आंतून-बाहेरून वीतभर उंचीचा पत्रा ठोकावा आणि उंबऱ्याशीं फट राहूं देऊं नये. भिंत व छप्पर यांच्या सांध्यांत, वांशांच्या टोंकांशीं राहिलेलीं छिद्रें जाळीनें बंद करावीं. छपरावर टेकलेल्या झाडाच्या फांद्या व वेल तीन-चार फूट अंतरापर्यंत छाटावे.

घराबाहेरील आसरा मोडणें हेंही तितकेंच अगत्याचें आहे. सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची कलवड, कडब्याची गंज हीं भिंतीस लागून रचण्याची आपली पद्धत उंदरांस फार सोयीची आहे. तीं घरापासून शक्य तितकीं दूर न्यावीं व दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून उंच रचावीं. माळ्यावरील मोडकीं खोकीं, जुनीं पोतीं, फुटके रांजण यांचा वर्षांतून दोनदां निकाल लावावा. अडगळ टाकवत नाहीं हा आपला स्वभाव. उंदराचा सारा संसार त्याच स्वभावावर चालतो.

तिसरा उपाय : पिंजरे व चाप

घर बंद झालें, अन्न आंवळलें, म्हणजे आंत राहिलेले उंदीर भुकेले होतात. पिंजरे लावण्याची खरी वेळ हीच. भरल्या घरांत लावलेल्या पिंजऱ्याकडे उंदीर ढुंकूनही पाहत नाहीं, आणि मग आपण पिंजऱ्यास दोष देतों.

एक पिंजरा महिनाभर लावण्यापेक्षां दहा पिंजरे तीन रात्रीं लावणें अधिक फलदायी होय. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. म्हणून पहिल्या तीन रात्रीं पिंजरा उघडाच, चाप न चढवितां, आमिषासह ठेवावा. तो निर्धास्त खाऊं लागला कीं चौथ्या रात्रीं सर्व चाप एकदम चढवावे. आमिष घरांत सहज न मिळणारें असावें: भाजलेलें खोबरें, शेंगदाणे, तळलेली भजी किंवा सुका बोंबील. तें दोऱ्यानें बांधावें, नाहीं तर उंदीर अलगद उचलून नेतो. पिंजरा खोलीच्या मध्यभागीं न ठेवतां राखेंत पावलें दिसलीं त्या वाटेवर, भिंतीस चिकटून ठेवावा; चापाचें आमिषाचें टोंक भिंतीकडे करावें.

पुष्कळ घरीं जीवहत्या नको म्हणून पकडलेला उंदीर गांवाबाहेर नेऊन सोडतात. त्यांच्या भावनेबद्दल आम्हांस आदर आहे; परंतु सोडलेला उंदीर दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरीं किंवा पिकांत जातो, हें विसरून चालणार नाहीं. ज्यांस मारणें नको त्यांनीं पहिल्या दोन उपायांवरच सर्व भर द्यावा. त्यांत कोणाचाही प्राण जात नाहीं. जे मारतात त्यांनीं तडफडत न ठेवतां तत्काळ मारावें आणि प्रेत खोल पुरावें.

चौथा उपाय : विष, आणि तेंही जपून

विषास आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. राहत्या घरांत वापरावयाचेंच असेल, तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या त्यांतल्या त्यांत बऱ्या. हें विष रक्त गोठूं देत नाहीं. उंदीर खाल्ल्यावर कांहीं दिवसांनीं मरतो, त्यामुळें इतर उंदरांस संशय येत नाहीं. वड्या मोकळ्या टाकूं नयेत. लहान तोंडाच्या पेटींत किंवा नळींत, मुलांचा व जनावरांचा हात अथवा तोंड पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवाव्या आणि किती ठेवल्या तें मोजून ठेवावें.

झिंक फॉस्फाइड हें जहाल विष शेतांतील बिळांसाठीं आहे; घरांत तें आणूं नये. ज्या उंदरानें तें थोडें खाल्लें पण जो वांचला, तो पुढें कित्येक आठवडे तशा आमिषास शिवत नाहीं, असाही त्याचा दोष आहे. धान्यांत ठेवावयाच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या उंदरांसाठीं राहत्या घरांत ठेवणें म्हणजे मृत्यूस घरांत निजविणें होय. त्यांतून निघणारा वायु रात्रींतून निजलेल्या माणसांचा प्राण घेतो. भाकरीस किंवा टोमॅटोस लावावयाचा पिवळ्या फॉस्फरसचा मलम हाही तसाच घातक. या तिन्ही विषांवर उतारा नाहीं. मलम पोटांत गेलेला मनुष्य एक-दोन दिवस बरा दिसतो आणि मग त्याचें यकृत निकामी होतें.

मुलानें किंवा मोठ्यानें कोणतेंही उंदराचें विष खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी वाट पाहूं नये. ओकारी काढण्याचा प्रयत्न करूं नये. दूध, तूप, तेल कांहीं पाजूं नये. विषाचें वेष्टण बरोबर घेऊन थेट मोठें रुग्णालय गांठावें. ब्रोमॅडिओलोनवर रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाचें औषध डॉक्टर देतात व तें गुणकारी आहे. मात्र लक्षणें दिसेपर्यंत थांबलें तर उशीर होतो. आणि विषाची पुडी पिठामिठाच्या फडताळांत कधींही ठेवूं नये. ज्या घरीं कोणी मनानें खचलेलें असेल, त्या घरीं तर विष आणूंच नये, पिंजऱ्यांवर भागवावें.

बाजारांत आवाज करून उंदीर पळविणारीं विजेचीं यंत्रें मिळतात. उंदीर त्या आवाजास थोड्याच दिवसांत सरावतो. तो पैसा जाळी व पत्र्यावर खर्च करावा.

आपले मित्र

मांजर घरीं असावें. तें सर्व उंदीर संपवीत नाहीं आणि मोठ्या घुशीच्या वाटेस जात नाहीं. परंतु पिलें व पिटुकल्या उंदरींस तें वचक ठेवतें. मांजरास उपाशी ठेवलें म्हणजे तें जास्त उंदीर मारील, ही समजूत बरोबर नाहीं. उपाशी मांजर घर सोडून जातें.

आपल्या गोठ्याच्या आढ्यास बसणारें पांढऱ्या तोंडाचें गव्हाणी घुबड हें तर शेतकऱ्याचें बिनपगारी राखणदार होय. त्याचा आहार मुख्यतः उंदीरच आहे. त्याचें ओरडणें अशुभ मानून त्याला दगड मारणें ही आपल्याच धान्याची हानि आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे. बिनविषारी धामण आणि मुंगूस यांचेंही तसेंच. विष खाऊन मेलेला उंदीर या प्राण्यांनीं खाल्ला तर तेही मरतात; म्हणून मेलेले उंदीर रोज सकाळीं शोधून पुरावे.

एकट्याचें काम नव्हे

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, चौथ्या अधिकरणांत, उंदरांच्या भयावर उपाय सांगितले आहेत. मांजरें व मुंगसें मोकळीं सोडावीं आणि त्यांना जो पकडील किंवा मारील त्यास बारा पण दंड करावा. थोराच्या चिकानें माखलेलें धान्य टाकावें. आणि याखेरीज ‘मूषिक-कर’ बसवावा. प्रत्येकानें ठराविक संख्येनें उंदीर मारून आणून द्यावे, असा या कराचा अर्थ लावतात. कर कितपत वसूल झाला असेल तो असो. पण त्यामागील विचार पक्का आहे. उंदरास घराच्या हद्दी ठाऊक नसतात. आळींतील दहा घरांपैकीं नऊ घरांनीं बंदोबस्त केला आणि दहाव्यानें केला नाहीं, तर पुढील हंगामांत दहाही घरीं उंदीर दिसतील.

म्हणून आमची आपल्या सभासदांस विनंति आहे कीं, हें काम आळीवार वांटून घ्यावें. प्रत्येक आळीनें वर्गणी काढून वीस-पंचवीस पिंजरे सामाईक ठेवावे. ते एका आठवड्यांत एका आळींत लावावे व मग दुसरीकडे द्यावे. ज्या घरीं वृद्ध किंवा एकट्या बाया आहेत, त्यांच्या दारास पत्रा ठोकून देणें हें शेजाऱ्यांचें काम समजावें. त्यांत त्यांच्याइतकाच शेजाऱ्यांचाही स्वार्थ आहे. पडकीं व कुलूपबंद घरें ग्रामसभेंत नांवनिशीवार मांडावीं, कारण उंदरांचीं खरीं आगरें तींच असतात.

वर्षाचा क्रम

मोठी मोहीम वैशाखांत, पावसापूर्वीं करावी. त्या वेळीं रानांत खाण्यास कांहीं नसतें, उंदरांची संख्या कमी असते आणि एक मादी मारली तर पुढील सर्व वीण टळते. बिळें बुजविणें, दारांस पत्रा, कोठीची डागडुजी हीं कामें याच महिन्यांत व्हावीं. पाऊस लागला म्हणजे बांधावरील बिळांत पाणी शिरतें व तेथील उंदीर घराकडे धांव घेतात. त्या पंधरवड्यांत पुन्हां राख टाकून पाहावें. सुगी झाली, शेतें मोकळीं झालीं आणि धान्य घरांत आलें कीं त्यामागून उंदीरही येतात. तेव्हां दुसरी मोहीम करावी. याखेरीज दर अमावास्येस बिळें लिंपून सकाळीं मोजावीं आणि आंकडा वहींत मांडावा.

आंकडा शून्यावर आला तर उत्तम. न आला तरी निराश होऊं नये. तो उतरतो आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें, आणि ज्या दिवशीं तो चढूं लागेल त्या दिवशीं विषाची पुडी आणण्यापूर्वीं कोठीचें झांकण व दाराखालची फट पुन्हां एकदां तपासावी.